दिवेलागणीला कर्सर थरथरतो: गॅलेक्सी खेळणाऱ्यांनी रिमोट बदलण्याआधी हे बघा

आमच्याकडे ही तक्रार दोन हिवाळे चालली. सुपर मारियो गॅलेक्सी, म्हणजे निन्टेन्डोच्या वी या टीव्हीला जोडायच्या गेम कन्सोलवरचा खेळ, दिवसभर व्यवस्थित चालायचा आणि संध्याकाळी सातच्या सुमारास पडद्यावरचा, रिमोट रोखून हलवायचा ताऱ्याच्या आकाराचा कर्सर डावीकडे झटके मारायला लागायचा. कधी गायब व्हायचा, कधी कोपऱ्यात जाऊन थरथरत बसायचा. पंधरा-वीस मिनिटांनी आपोआप ठीक. मार्च आला की तक्रार बंद, गणपतीत पुन्हा सुरू, मग थेट डिसेंबरात. वीच्या रिमोटबद्दल असंच काहीतरी मला ओळखीच्या चार-पाच घरांतून ऐकायला मिळालं आहे आणि बहुतेकांनी पहिल्या फटक्यात रिमोट बदलला. मीही तेच केलं होतं. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी आमचं घर कसं आहे ते सांगतो, कारण उत्तर घरातच होतं. प्रभादेवीला जुन्या चाळीत आमची दीड खोली आहे. पुढच्या खोलीत भिंतीला टीव्ही, त्याच्या खाली फळीवर वी, आणि टीव्हीच्या डावीकडे दीड हातावर आईचा देवारा. खेळायला उभं राहायचं ते समोरच्या दिवाणापाशी, म्हणजे टीव्हीपासून जेमतेम सहा-सात फुटांवर.

माझी लेक तेव्हा नऊ वर्षांची होती आणि बबल ब्रीझच्या पातळीवर अडकली होती. ज्यांनी खेळलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो: मारियो एका बुडबुड्यात बसलेला असतो, खाली जांभळ्या विषाची दलदल असते आणि आपण कर्सर बुडबुड्याजवळ नेऊन रिमोटवरचं ए बटण दाबून फुंकर मारायची. कर्सर ज्या बाजूला असेल तिथून वारा येतो, बुडबुडा उलट दिशेला सरकतो. इथे उड्या नाहीत, धावणं नाही. सगळा खेळ कर्सर कुठे आहे यावर. कर्सर डावीकडे एक झटका खातो आणि बुडबुडा काट्यावर जाऊन फुटतो. पोरगी रडकुंडीला यायची. "बाबा, मी काहीच केलं नाही, तो आपोआप गेला." मला वाटायचं हात हलत असेल. तिचं खरं होतं आणि ते मला कळायला फार वेळ लागला, याचं मला अजून वाईट वाटतं.

आता मूळ गोष्ट. टीव्हीखाली किंवा वर जी काळी पट्टी ठेवतात तिला सगळे सेन्सर बार म्हणतात, पण त्या पट्टीत सेन्सर नाही. तिच्या दोन्ही टोकांना फक्त छोटे इन्फ्रारेड दिवे आहेत, एका टोकाला पाच आणि दुसऱ्या टोकाला पाच. दोन्ही गटांत साधारण वीतभर अंतर. पट्टीची वायर वीमध्ये खोचतो तीही फक्त वीज नेण्यासाठी, तिच्यातून कसलीही माहिती जात नाही. बघणारा डोळा रिमोटच्या नाकावर आहे. त्या काळ्या चकचकीत प्लॅस्टिकच्या मागे एक छोटा कॅमेरा असतो, त्याला आपल्याला दिसणारा उजेड दिसत नाही, फक्त इन्फ्रारेड दिसतं. समोर दिसणाऱ्या इन्फ्रारेड ठिपक्यांपैकी जास्तीत जास्त चार ठिपके तो धरतो. त्यातल्या दोन ठिपक्यांना पट्टीची दोन टोकं मानून रिमोट कुठे रोखला आहे याचा हिशेब होतो.

म्हणजे तिसरा ठिपका दिसला की हिशेब बिघडला. आणि इन्फ्रारेड कशातून येतं? जे जे तापून उजेड देतं त्यातून. ऊन, जुना पिवळा बल्ब, झीरोचा बल्ब, हॅलोजन, मेणबत्ती, आणि तेलातुपाची वात. पट्टी तुटली तर तिच्या जागी दोन मेणबत्त्या वीतभर अंतरावर लावून वी चालवता येतं, ही युक्ती जुन्या खेळाडूंना ठाऊक आहे. मलाही ठाऊक होती. पण मेणबत्तीने चालतं तर समईने बिघडेलही, हे दोन आणि दोन मी कधी जोडलेच नाहीत.

दुरुस्तीचा खर्च मात्र झाला. लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात रिमोट दाखवला. त्यांनी तो उघडला, आतला कॅमेरा साफ केला असं सांगितलं, पैसे घेतले. दुपारी तीन वाजता घरी आणून लावला तर झकास. सात वाजता पुन्हा तेच. मग दुसरा रिमोट घेतला. तोही दुपारी झकास आणि सातला वेडा. दोन वेगवेगळे रिमोट ठरावीक वेळेलाच बिघडतात, म्हणजे बिघाड रिमोटच्या बाहेर आहे, एवढं तरी तेव्हा लक्षात आलं.

ज्या गोष्टीने उलगडा झाला ती प्रत्येक वीमध्ये आहे आणि पाच मिनिटांत होते. मुख्य पडद्यावर डाव्या कोपऱ्यातलं वीचं गोल बटण दाबा, वी सेटिंग्जमध्ये जा, बाण दाबून दुसऱ्या पानावर या, सेन्सर बार निवडा आणि त्यात सेन्सिटिव्हिटी. (कर्सर इतका बिघडला असेल की तिथवर पोचताच येत नाही, तर खोलीतले सगळे दिवे घालवून, पडदे ओढून जा.) आता पडद्यावर जे दिसतं ते म्हणजे रिमोटच्या कॅमेऱ्याला जे दिसतं तेच. रिमोट टीव्हीकडे रोखला की दोन लुकलुकणारे ठिपके दिसायला हवेत. दोनच.

मी सातला दहा मिनिटं कमी असताना तो पडदा लावून बसलो. दोन ठिपके, स्वच्छ. आई पदर खोचून देवाऱ्यासमोर बसली, समईत तेल घातलं, वात सरळ केली, काडी ओढली. पडद्यावर डावीकडे तिसरा ठिपका उमटला. बाकीचे दोन जागच्या जागी स्थिर आणि हा मात्र हलता, वातीबरोबर लवणारा. आईने उदबत्ती ओवाळली तेव्हा तिचा हात समईच्या आड आला आणि ठिपका विझला, हात बाजूला झाला आणि पुन्हा आला. लेक माझ्या मांडीला धरून उभी होती. ती म्हणाली, "बाबा, तो आजीचा दिवा आहे."

मग हा त्रास बारा महिने का नव्हता? दिवा तर रोज लागतो. हे आईनेच सांगितलं. उन्हाळ्यात पंखा चालू असतो, वाऱ्याने वात विझू नये म्हणून ती समईच्या खोलीकडच्या बाजूला पत्र्याचा आडोसा लावते, गोड्या तेलाच्या डब्याचा कापून वाकवलेला. थंडीत पंखा बंद, म्हणून आडोसा फडताळात. म्हणजे मार्च ते नोव्हेंबर पत्रा आमचा कर्सर सांभाळत होता आणि आम्हाला पत्ता नव्हता. गणपतीत आडोशाला न जुमानता त्रास व्हायचा, कारण तेव्हा पाटावर निरांजनं वेगळी आणि मखराला जुन्या छोट्या बल्बांच्या माळा वेगळ्या.

दिवा हलवायचा प्रश्नच नव्हता, आणि तसं कोणी सुचवूही नये. आडोसा आता बाराही महिने लागतो, एवढाच बदल. त्याआधी मी काचेची चिमणी घालून बघितली होती, तिचा काडीचाही उपयोग झाला नाही. हे इन्फ्रारेड साध्या काचेतून आरपार जातं. पत्रा, लाकूड, जाड पुठ्ठा यांनी अडतं. पुठ्ठा दिव्याजवळ अर्थातच नको.

तुमच्याकडे तिसरा ठिपका कुठून येतो ते शोधायची रीत हीच. तो पडदा लावून ठेवा आणि घरातली एकेक गोष्ट चालू-बंद करा, हाताने झाका. ठिपका गेला की सापडलं. दोनाऐवजी चार ठिपके जोडीने दिसले तर ते प्रतिबिंब आहे: पट्टीचेच दिवे शोकेसच्या काचेत, फळीवरच्या सनमायक्यात किंवा समोर मांडलेल्या स्टीलच्या डब्यांवर परत दिसत आहेत. पट्टी फळीच्या पुढच्या कडेला ओढा किंवा खाली एक जाडसर रुमाल अंथरा. पट्टी मागे सरकली असेल तर फळीची कडच तिचा उजेड खाते, हेही होतं. एलईडीच्या माळांनी मात्र सहसा काही होत नाही, त्यातून इन्फ्रारेड नावापुरतं येतं. दिवाळीत सगळ्या लायटिंगला दोष देऊ नका, फक्त जुन्या तारेच्या बल्बांची माळ काढा.

उन्हाचं प्रकरण थोडं निराळं आहे, कारण ऊन जागा बदलतं. माझ्या बहिणीचं घर गोराईला, खिडकी पश्चिमेला आणि टीव्ही खिडकीलगत, नैऋत्येच्या कोपऱ्यात. तिच्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी दुपारी चार ते सहा कर्सर उठतच नसे. मुंबईत डिसेंबरात सूर्य पश्चिमेच्या सुमारे 25 अंश दक्षिणेला मावळतो आणि जूनमध्ये तितकाच उत्तरेला. म्हणजे वर्षभरात मावळतीची जागा क्षितिजावर 50 अंश सरकते. थंडीत तिच्याकडे तो बरोबर टीव्हीच्या मागून डोकावायचा. तिने काळा पडदा लावला तरी फरक पडला नाही. पातळ कापड डोळ्याला काळं दिसलं तरी कित्येक रंगांतून इन्फ्रारेड सहज निघून जातं. शेवटी जाड अस्तर शिवल्यावर थांबलं. पडदा पुरेसा आहे की नाही हे डोळ्याने ठरवू नका, ठिपक्यांच्या पडद्यावर बघा.

त्याच पडद्यावर अधिक-उणे बटणांनी 1 ते 5 अशी पातळी बदलता येते. फिकट उपरे ठिपके असतील तर पातळी कमी करा, ते निघून जातील. समईसारखा जवळचा ठळक ठिपका 1 वर आणूनही आमच्याकडे गेला नाही. दोन ठिपके धड दिसतच नसतील, तर पातळी वाढवा. आणि पट्टी टीव्हीच्या वर आहे की खाली, हे सेटिंग्जमध्ये खरं सांगितलं आहे ना तेही बघा. पट्टी वर चिकटवून सेटिंग खालचं ठेवलं की कर्सर आपण रोखतो त्याच्या वर किंवा खाली धावत राहतो.

ठिपका एकच दिसतो, किंवा एकही दिसत नाही? मग पट्टी तपासा. वी चालू ठेवून मोबाइलचा सेल्फी कॅमेरा पट्टीवर धरा. दोन्ही टोकांना फिकट जांभळट ठिणग्या दिसायला हव्यात. (मागच्या कॅमेऱ्याला बऱ्याचदा इन्फ्रारेड गाळणारी काच असते, म्हणून सेल्फी.) एक टोक काळं असेल तर ते टोक गेलं. दोन्ही काळी असतील तर आधी वायर बघा, ती नाजूक असते आणि फळीमागे चेपली जाते. आमच्या मजल्यावर एकाकडे ती उंदराने कुरतडली होती. बाजारात सेलवर चालणाऱ्या बिनवायरच्या पट्ट्या मिळतात, त्या उत्तम चालतात. त्यांचं काम फक्त उजेड देणं, त्यामुळे कुठल्या बनावटीची घेतली याने फारसं बिघडत नाही.

अंतराचंही भान ठेवा. साधारण 1 ते 3 मीटर ठीक. आपल्या खोल्यांत लांबचा प्रश्न येत नाही, जवळचा येतो. मुलं खेळता खेळता पुढे सरकतात, आणि फार जवळ गेलं की पट्टीचं एक टोक कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर जातं. मी फरशीवर चिकटपट्टीची रेघ मारली आहे. लेक तिच्या मागे उभी राहते.

आता फिरकीबद्दल. रिमोट झटकला की मारियो गोल फिरतो, ते काम कॅमेऱ्याचं नाही. रिमोटच्या पोटात एक्सेलरोमीटर असतो, तो झटका आणि गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखतो. त्याला पट्टी लागत नाही, समई आणि ऊन त्याला दिसत नाही. यातून एक छान चाचणी मिळते. गॅलेक्सीतल्याच रोलिंग ग्रीन या पातळीत रिमोट उभा धरून, नाक छताकडे करून, मोठ्या चेंडूवरचा मारियो चालवायचा असतो, तिथे फक्त कल लागतो. तो चेंडू तुमच्या हाताप्रमाणे नीट जातो आणि कर्सर मात्र उड्या मारतो, तर रिमोट सहीसलामत आहे, दोष समोरच्या भिंतीवर शोधा. चेंडूच एका बाजूला ओढला जात असेल तर मात्र रिमोटकडे बघायला हवं. फिरकी लागत नाही अशी तक्रार असेल तर आधी झटका बघा. मुलं अख्खा हात फिरवतात. मनगटातून छोटा, तुटक झटका पुरतो, थर्मामीटर झटकतो तसा. आणि एक फिरकी संपल्यावर क्षणभर दुसरी लागत नाही, तो खेळाचाच नियम आहे.

सेलचं सांगायचं तर, पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत रिमोटमध्ये विसरलेले सेल पाझरतात आणि स्प्रिंगवर पांढरट-हिरवट बुरशीसारखा थर धरतो. रिमोट मध्येच बंद पडतो, निळे दिवे लुकलुकतात. कापसाच्या बोळ्याला थोडं व्हिनेगर लावून थर पुसा, मग कोरड्या बोळ्याने, आणि पूर्ण वाळल्याशिवाय सेल घालू नका. जुना एक आणि नवा एक अशी जोडी लावू नका. चार्जिंगचे सेल 1.2 व्होल्टचे असतात, त्यामुळे सेलचा अंदाज कमी दिसतो, खेळायला हरकत नाही.

रिमोटचा संपर्कच तुटत असेल तर वायफायचा राउटर वीवरून उचला. रिमोट ब्लूटूथवर बोलतो, ते 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आहे आणि जुनं वायफायही तिथेच. चाळीत भिंतीपलीकडे प्रत्येकाचा राउटर आहेच, निदान आपला तरी दोन हात लांब ठेवावा. मग पुन्हा जोडणी: रिमोटच्या सेलच्या खाचेत एक लाल बटण आहे, तसंच वीवर मेमरी कार्डाच्या झडपेमागे. दोन्ही पाठोपाठ दाबा.

एक इशारा इथेच देतो. वी अमेरिकेहून कोणी आणलं असेल तर त्याचा अडॅप्टर 120 व्होल्टचा असतो, तो आपल्या 230 व्होल्टच्या प्लगमध्ये थेट खोचू नका. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. पिन बदलून भागत नाही.

निन्टेन्डोच्याच स्विच या नंतरच्या कन्सोलवर गॅलेक्सी खेळणाऱ्यांचा थरथराट वेगळा. 2020 साली हा खेळ सुपर मारियो थ्रीडी ऑल-स्टार्समधून स्विचवर आला, तिथे पट्टीच नाही. कर्सर जॉय-कॉनमधल्या, म्हणजे स्विचच्या हातात धरायच्या कंट्रोलरमधल्या जायरोवर चालतो. जायरो आपण किती वळलो ते मोजतो, टीव्ही कुठे आहे ते त्याला माहीत नसतं. मोजमापातल्या बारीक चुका साठत जातात आणि कर्सर हळूहळू एका बाजूला घसरतो. झटके नाहीत, घसरण. आर बटण दाबलं की कर्सर मध्यावर येतो, खेळताना ती सवय लावून घ्या. वारंवार घसरत असेल तर सिस्टिम सेटिंग्जमध्ये कंट्रोलर्स अँड सेन्सर्स, त्यात मोशन कंट्रोल्सचं कॅलिब्रेशन. जॉय-कॉन सपाट टेबलावर ठेवून करा, हातात धरून किंवा गादीवर नको. पंखा लावलेलं डुगडुगतं स्टूल तर अजिबात नको.

हे सगळं करूनही वीचा कर्सर बिघडलेलाच असेल, तर रिमोट घेऊन ज्यांच्याकडे वी नीट चालतं त्यांच्याकडे जा आणि त्यांच्या पडद्यावर ठिपके बघा. दोन स्वच्छ ठिपके दिसले तर रिमोट चांगला आहे, परत येऊन आपल्या भिंतीकडे बघायला लागा. तिथेही ठिपके दिसले नाहीत तर आधी नाकावरची काळी काच मऊ कोरड्या कापडाने पुसा, मुलांच्या बोटांचं तूप-तेल तिथेच लागतं. तरीही अंधार असेल तर कॅमेरा गेला. तीन पात्यांचे स्क्रू आहेत म्हणून घरी उघडायच्या भानगडीत पडू नका, दुसरा रिमोट घ्या. घेताना दुकानात ठिपक्यांचा पडदा लावून दाखवायला सांगा.